तुपांतील तिळाची साक्ष

दिवाळीच्या आठ दिवस आधीं शहरांतल्या एखाद्या घरीं तुपाचा डबा येतो. गृहिणी झाकण काढते, बोटाच्या टोंकावर थोडें तूप घेऊन हुंगते, तळहातावर चोळून पाहते, रवा कसा पडला आहे तें न्याहाळते, आणि शेवटीं म्हणते, "वास तर बरा आहे, आंत काय आहे तें देवाला ठाऊक!" तिच्या आजेसासूला हा प्रश्न फारसा पडत नसे. तूप घरच्या लोण्याचें कढे, आणि विकत घेतलेंच तर तें घेऊन येणारा माणूस पिढीजात ओळखीचा असे. आतां डबा शेंकडों कोसांवरून येतो, डब्यावर गाईचें चित्र असतें, आणि त्या चित्रामागें कोणती गाय आहे हें विचारावयास दुकानदाराकडेहि उत्तर नसतें. घरांत परीक्षेचें साधन म्हणून राहतें तें एक नाक.

नाकाच्या पलीकडचें काम सरकारनें करावें अशी सर्वांची अपेक्षा असते, आणि ती रास्तहि आहे. भेसळ करणाराला फांसावर लटकवा, असें दर सणाच्या सुमारास कोणी ना कोणी म्हणतोच. परंतु फांसाच्या कितीतरी आधीं एक साधा प्रश्न उभा राहतो : भेसळ झाली हें सिद्ध कशानें करावयाचें? भेसळीविरुद्धच्या कायद्यांचा इतिहास वाचूं लागलें म्हणजे तो बव्हंशीं याच प्रश्नाचा इतिहास आहे असें दिसून येतें. शिक्षेचा आंकडा वाढविणें हें एका दिवसाचें काम. पुराव्याची बाटली दुकानापासून न्यायालयापर्यंत शाबूत नेणें हें पन्नास वर्षांतहि पुरतें साधलें नाहीं.

पहिली अडचण शब्दांतच होती. १८६० सालच्या भारतीय दंडविधानांत २७२ व २७३ हीं दोन कलमें खाण्यापिण्याच्या भेसळीविषयीं होतीं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. पण त्यांत अट अशी कीं, भेसळीमुळें तो पदार्थ खाण्यास अपायकारक झाला पाहिजे. आतां गवळ्यानें दुधांत विहिरीचें स्वच्छ पाणी घातलें, तर तें दूध अपायकारक झालें काय? पोटाला कदाचित् हलकेंच झालें असेल! अपाय झाला तो गिऱ्हाइकाच्या खिशाला आणि ज्या तान्ह्या मुलासाठीं दूध घेतलें त्याच्या पोषणाला. परंतु हा अपाय त्या कलमाच्या शब्दांत बसत नसे. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली, कलमांचे आंकडे २७४ व २७५ झाले, दंडाची मर्यादा पांच हजारांवर गेली. पण अपायकारकपणाची अट तशीच राहिली आहे. विषाची भेसळ पकडावयास हीं कलमें उपयोगी. रोजच्या फसवणुकीपुढें तीं हतबल.

इंग्लंडलाहि हा धडा महागांत मिळाला होता. तेथें १८२० सालीं ॲकम नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें खाद्यांतील भेसळीवर एक ग्रंथ लिहून खळबळ उडविली, आणि १८५१ पासून पुढें डॉक्टर हॅसॉल यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं कॉफी, मिरपूड, पीठ तपासून दुकानदारांचीं नांवें 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापावयास सुरुवात केली. लोकांनीं वाचलें, हळहळले, आणि पुन्हां त्याच दुकानांत गेले. १८५८ सालीं ब्रॅडफर्ड गांवीं पुदिन्याच्या वड्या खाऊन सुमारें वीस माणसें मेलीं, दोनशेंच्या वर आजारी पडलीं. वड्या करणारा साखर महाग म्हणून तींत पांढऱ्या चुन्यासारखी एक स्वस्त पूड नेहमींच मिसळीत असे. त्या दिवशीं औषधवाल्याकडील नोकरानें चुकून त्या पुडीच्या ऐवजीं सोमल दिला. खटला झाला आणि कोणालाहि शिक्षा झाली नाहीं. सोमल ही चूक ठरली; आणि पूड मिसळणें हा तर गुन्हाच नव्हता! १८६० सालीं तेथें पहिला कायदा झाला, परंतु कामाचा कायदा झाला तो १८७५ सालीं. त्यांतील मुख्य कल्पना अशी कीं, गिऱ्हाइकानें जी वस्तु मागितली त्याच प्रकारची, त्याच सत्त्वाची आणि त्याच गुणाची वस्तु त्याला मिळाली पाहिजे. पाणी घातलेलें दूध अपायकारक आहे कीं नाहीं, ही चर्चाच संपली. मागितलें दूध, दिलें दूधपाणी. एवढ्यानें गुन्हा पुरा झाला.

हीच कल्पना पुढें इकडील प्रांतिक कायद्यांत आली. मद्रासचा कायदा १९१८ चा, बंगालचा १९१९ चा, मुंबई इलाख्याचा १९२५ चा. प्रत्येक प्रांताचें माप निराळें, त्यामुळें एका प्रांतांत नापास झालेला माल हद्दीपलीकडे नेऊन विकतां येई. सबंध देशाला एकच कायदा मिळाला तो अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, सन १९५४ चा. तो १ जून १९५५ पासून अंमलांत आला. प्रत्येक पदार्थाचें किमान प्रमाण त्याच्या नियमांत बांधून दिलें होतें. उदाहरणार्थ, महाराष्ट्रांत म्हशीच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा ६ हून कमी नसावा, आणि स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ शेंकडा ९ हून कमी नसावेत.

हीं दोन मापें कां, याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. पुष्कळ घरांत दुग्धमापक, म्हणजे ज्याला लॅक्टोमीटर म्हणतात तें कांचेचें तरंगतें उपकरण, मोठ्या विश्वासानें वापरीत. दूध पाण्यापेक्षां जड असतें. पाणी घातलें कीं हलकें होतें आणि मापक अधिक बुडतें. येथवर ठीक. पण साय ही दुधापेक्षां हलकी. साय काढून घेतली कीं उरलेलें दूध मूळच्यापेक्षां जड होतें. तेव्हां हुशार माणूस आधीं साय काढी, मग बेताचें पाणी घाली. दोन्ही पापें एकमेकांना झांकून टाकीत आणि मापक बरोबर योग्य रेषेवर उभा राही! घरधनी समाधानानें पैसे मोजी. म्हणून कायद्यानें वजनावर विसंबून न राहतां स्निग्धांश वेगळा आणि इतर घन पदार्थ वेगळे मोजण्याचें ठरविलें. पुढें यूरिया, साखर, पिष्ट घालून घन पदार्थांचा आंकडा फुगविण्याची विद्या निघाली आणि त्यांच्या निराळ्या कसोट्या कराव्या लागल्या. चोराची आणि चौकीदाराची ही शर्यत कोठें थांबत नाहीं.

या शर्यतींतील सर्वांत विलक्षण प्रकरण तुपाचें आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीनचार दशकांत वनस्पति तूप प्रथम परदेशाहून आणि मग देशी कारखान्यांतून बाजारांत आलें. तेलामध्यें निकेल धातूच्या सान्निध्यांत हायड्रोजन वायु खेळविला म्हणजे पातळ तेल थिजतें, पांढरें होतें, आणि त्याला तुपासारखा रवाहि आणतां येतो. वस्तु स्वतःच्या नांवानें विकली जाती तर भेसळीचा प्रश्न उद्भवला नसता. गरिबाला स्वस्त स्निग्ध पदार्थ मिळाला असता एवढेंच. पण रंग, रूप, रवा तुपाचा आणि किंमत तुपाहून पुष्कळ कमी, असा माल व्यापाऱ्याच्या हातीं आल्यावर काय होणार हें सांगावयास ज्योतिषी लागत नाहीं. खरें तूप चार भाग आणि वनस्पति एक भाग हें मिश्रण नाकाला कळत नाहीं, कारण वास चार भागांचा येतो.

गांधीजींनीं या फसवणुकीविरुद्ध लिहिलें. स्वातंत्र्यानंतर संसदेंत वनस्पतीवर बंदी घालावी अशा मागणीचें विधेयकहि आलें. तें कायद्यांत उतरलें नाहीं. दुसरी सूचना अशी होती कीं, वनस्पतीला रंग द्यावा. हिरवें किंवा तांबडें वनस्पति पांढऱ्या तुपांत मिसळतांच पोर देखील ओळखील! सूचना नामी, पण अंमलांत आणणें दुष्कर. रंग असा हवा कीं तो प्रकृतीला निर्दोष असेल, कढईंत उडणार नाहीं, आणि कोळशाच्या भुकटींतून किंवा मातींतून गाळून व्यापाऱ्याला काढतां येणार नाहीं. या तिन्ही अटींना पुरा पडणारा रंग कांहीं मिळेना.

तेव्हां उपाय योजला गेला तो तिळाचा. वनस्पति करणाऱ्या प्रत्येक कारखानदारानें आपल्या मालांत शेंकडा ५ तिळाचें तेल घातलेंच पाहिजे, असा नियम झाला आणि तो अनेक दशकें चालला. ज्या घरांत तिळाचें तेल न्हाण्याला आणि तीळ संक्रांतीला एवढाच परिचय, त्यांना याचें प्रयोजन चटकन् उमगणार नाहीं. तिळाच्या तेलांत असें एक द्रव्य आहे कीं जें तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल यांच्या संगतींत गुलाबी-तांबडा रंग धारण करतें. नेहमीच्या दुसऱ्या कोणत्याहि खाद्य तेलांत तें नाहीं, आणि तुपांत तर नाहींच. प्रयोगशाळेंतील माणूस संशयित तूप वितळवितो, परीक्षानळींत तेवढेंच आम्ल ओततो, फुरफुरालचे थेंब टाकतो, नळी खळखळून हलवितो आणि उभी करून ठेवितो. तूप वर राहतें, आम्ल खालीं बसतें. खालचा थर तांबडा झाला कीं समजावें, या तुपांत वनस्पति आहे. बोदुअँ नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञाच्या नांवानें ही कसोटी ओळखली जाते.

कारखान्यांत घातलेला तीळ डोळ्यांना दिसत नाहीं, जिभेला कळत नाहीं, गाळून निघत नाहीं. व्यापाऱ्याच्या कोठारांत तो मुकाट राहतो आणि आम्लाचा स्पर्श होतांच बोलूं लागतो. रंग देऊन जें साधलें नाहीं तें या अदृश्य साक्षीदारानें साधलें. मात्र त्याच्या साक्षीचीहि उलटतपासणी करावी लागते. कांहीं डांबरी रंग नुसत्या आम्लानेंच तांबडे होतात. म्हणून काळजी घेणारा विश्लेषक प्रथम फुरफुराल न घालतां केवळ आम्लानें नळी तपासतो, आणि रंग तेव्हांच आला तर तिळाला दोष देत नाहीं.

साक्षीदाराची दुसरी मर्यादा अधिक मोठी आहे. तो साक्ष देतो ती फक्त वनस्पतीविरुद्ध. व्यापाऱ्यानें तुपांत जनावराची चरबी मिसळली किंवा तीळ नसलेलें पामचें तेल मिसळलें, तर नळी तांबडी होत नाहीं. त्यासाठीं तुपाचाच स्वभाव तपासावा लागतो. दुधाच्या स्निग्धांशांत कांहीं आम्लें अशीं असतात कीं तीं वाफेबरोबर उडून येतात. त्यांपैकीं ब्युटिरिक आम्ल नेहमीच्या दुसऱ्या कोणत्याहि तेलांत वा चरबींत आढळत नाहीं. ठराविक वजनाच्या तुपांतून हीं आम्लें किती निघतात तें मोजणें, याला रायशर्ट-मायसल आंकडा म्हणतात. परकी चरबी मिसळली कीं हा आंकडा उतरतो. अलीकडे आणखी एक खूण हातीं आली आहे : प्राण्यांच्या स्निग्धांशांत कोलेस्टेरॉल असतें, तर वनस्पतींच्या तेलांत त्याचे निराळे भाऊबंद असतात, तुपांत हे भाऊबंद सांपडले कीं तेल मिसळल्याचें उघड होतें.

येथें न्यायाच्या दृष्टीनें एक नाजूक गोष्ट निघते. वऱ्हाडांत आणि सौराष्ट्रांत दुभत्या जनावरांना सरकी खाऊं घालतात. सरकी खाणाऱ्या म्हशीच्या तुपाचा रायशर्ट आंकडा मुळांतच कमी असतो. गवळ्यानें लोणी घरीं घुसळलें, घरीं कढविलें, त्यांत परका थेंब पडला नाहीं, तरी एकाच मापानें मोजल्यास तो भेसळखोर ठरेल! यास्तव नियमांत कपाशीच्या मुलखांतील तुपासाठीं निराळें, उतरतें प्रमाण ठेवावें लागलें. जेथें जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणावर खाऊं घालतात असा राज्य सरकारनें जाहीर केलेला प्रदेश, अशी त्या मुलखाची व्याख्या होती. म्हशीचा खुराक न्यायालयांत विचारांत घ्यावा लागतो याचें हंसूं येईल. पण तो न घेतां तुरुंगांत गेलेल्या माणसाला हंसूं येणार नाहीं. उलट बाजूनें पाहतां, उतरतें प्रमाण म्हणजे लबाडाला मोकळीक हेंहि खरें. उत्तम तूप घेऊन त्यांत चरबी घालीत घालीत किमान रेषेपर्यंत आणून ठेवणारा मनुष्य कायद्याच्या आंतच राहतो. किमान प्रमाणाच्या पद्धतींत हा दोष आहे, आणि त्यावर संपूर्ण तोड नाहीं.

नळींत काय होतें तें झालें. आतां नळीपर्यंत तूप पोंचतें कसें, हें पाहावयाचें. कारण खटले टिकतात किंवा कोसळतात ते बहुधा येथेंच.

१९५४ च्या कायद्याखालीं अन्ननिरीक्षक दुकानांत येई तो गिऱ्हाईक म्हणूनच. तो माल जप्त करीत नसे, विकत घेई. त्याची किंमत रोख देई आणि पावती घेई. कायद्याच्या भाषेंत नमुना देणें ही विक्रीच होय. हा माल तपासणीसाठीं घेतला आहे अशी नोटीस तेथल्या तेथें दुकानदाराला द्यावयाची, आणि साक्षीला एकदोन त्रयस्थ माणसें बोलवावयाचीं. शेजारचा दुकानदार अशा वेळीं हमखास आपल्या दुकानांत कांहीं तरी शोधावयास वळतो. पंच मिळविणें हें निरीक्षकाचें अर्धें काम. दूध असेल तर चरवी नीट ढवळून घ्यावयाची, कारण वर साय तरंगते आणि खालून काढलेला नमुना गवळ्यावर अन्याय करील. मग नमुन्याचे तीन सारखे भाग करून तीन स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत भरावयाचे, बुचें घट्ट लावावयाचीं, कागदांत गुंडाळून दोऱ्यानें बांधावयाचें, लाखेची मोहोर उठवावयाची, दुकानदाराची सही कागदावर अशी घ्यावयाची कीं बाटली उघडल्यास सही फाटली पाहिजे. मोहोरेचा ठसा प्रयोगशाळेकडे वेगळ्या पाकिटांतून जाई, म्हणजे वाटेंत कोणी बाटली बदलली तर ठसे जुळावयाचे नाहींत.

तीन बाटल्या कशाला? एक सरकारच्या विश्लेषकाकडे जाई. दुसरी १९७६ पर्यंत खुद्द दुकानदाराच्या स्वाधीन करीत आणि तिसरी निरीक्षकाकडे राही. १९७६ च्या दुरुस्तीनंतर उरलेल्या दोन्ही स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे ठेवण्यांत येऊं लागल्या. विश्लेषकाचा अहवाल विरुद्ध गेला तर आरोपीला न्यायालयाकडे अर्ज करून दुसरी बाटली केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवितां येई, आणि तिचा निर्णय पहिल्या अहवालाला रद्द करून अखेरचा ठरे. अशा प्रयोगशाळा कलकत्ता, गाझियाबाद, म्हैसूर आणि पुणें येथें होत्या. सरकार वादी, सरकारचा निरीक्षक, सरकारचा विश्लेषक. अशा सामन्यांत ही दुसरी बाटली म्हणजे आरोपीच्या हातांतील एकच ढाल. आणि ती ढाल फार गरजेची होती, कारण या कायद्यांत दुकानदाराला "मला ठाऊक नव्हतें" हा बचाव नव्हता. घाऊक व्यापाऱ्याकडून लेखी हमी घेतली असेल आणि माल आला तसाच विकला असेल तरच सुटका. १९७६ नंतर बहुतेक गुन्ह्यांना किमान सहा महिने कैद ठरली.

दूध मात्र बाटलींत थांबत नाहीं. उन्हाळ्यांत तें सायंकाळपर्यंत नासतें. म्हणून नियमानेंच नमुन्याच्या दुधांत फॉर्मॅलिनचे थेंब घालावे लागत. जें द्रव्य गवळ्यानें दुधांत टाकलें असतां त्याला तुरुंग दाखविला जातो, तेंच द्रव्य निरीक्षक त्याच्या डोळ्यांदेखत बाटलींत टाकतो, हें पाहून एखाद्या गवळ्याची मति गुंग झाली असल्यास नवल नाहीं.

पण फॉर्मॅलिनलाहि मर्यादा आहे. दिल्लींतील एका दुकानांतून निरीक्षकानें गाईच्या दुधाचें दहीं नमुना म्हणून घेतलें. विश्लेषकानें तें नापास केलें. खटला भरावयास सरकारी दप्तरांत कित्येक महिने गेले. आरोपीनें आपली बाटली केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अर्ज केला. तेथून उत्तर आलें कीं, दहीं कुजलें आहे, परीक्षा होऊं शकत नाहीं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि १९६७ सालीं निकाल लागला. फिर्यादी पक्षाच्या दिरंगाईमुळें आरोपीचा मोलाचा हक्क बुडाला, तेव्हां त्याला दोषी धरतां येत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें आणि तो सुटला. दह्यांत खरोखर दोष होता कीं नव्हता हें आतां कोणालाच कळणार नाहीं. ज्यांना असा निकाल म्हणजे कायद्याची पळवाट वाटते, त्यांनीं क्षणभर त्या दुकानदाराच्या जागीं उभें राहून पाहावें. आणि ज्यांना दुकानदाराची कींव येते त्यांनीं तें दहीं खाणाऱ्यांच्या जागीं. दिरंगाई दोघांचीहि वैरीण ठरली, आणि ती भेसळखोरानें केली नव्हती.

ही सारी काळजी किती महत्त्वाची आहे हें १९९८ च्या ऑगस्टमध्यें दिल्लीनें अनुभवलें. मोहरीचें तेल रोजच्या स्वयंपाकांत वापरणाऱ्या घरांतून माणसांचे पाय सुजूं लागले, धाप लागूं लागली, हृदय थकूं लागलें. साठांहून अधिक माणसें दगावलीं आणि रुग्णालयांत गेलेल्यांची संख्या हजारोंच्या घरांत होती. तेलांत पिवळ्या धोत्र्याचें तेल निघालें. हें काटेरी, पिवळ्या फुलांचें तण महाराष्ट्रांतहि माळावर आणि शेताच्या बांधावर सर्वत्र दिसतें. त्याचें बीं काळें, बारीक, आणि मोहरीशीं इतकें मिळतें कीं ढिगांत निवडूं म्हटल्यास निवडवत नाहीं. त्यांतील सँग्विनारिन नांवाचें विष सूक्ष्म रक्तवाहिन्यांना पाझर फोडतें. हा सुजेचा रोग नवा नव्हता. कलकत्त्यांत १८७७ सालींच त्याची सांथ आली होती. तेलांत तीव्र नायट्रिक आम्ल घालून हलविलें असतां नारिंगी-तांबूस रंग येतो, ही सोपी कसोटीहि माहीत होती. कसोटी होती, कायदा होता, निरीक्षक होते. पण तेल सुटें विकलें जात होतें. घाण्यावरून पिंपांत, पिंपांतून डब्यांत, डब्यांतून गिऱ्हाइकाच्या बाटलींत; मध्यें कोठेंहि नांव नाहीं, तारीख नाहीं, घाण्याचा पत्ता नाहीं. विष सांपडलें तरी तें कोठून आलें हें बाटली सांगूं शकत नव्हती. सप्टेंबर १९९८ मध्यें खाद्य तेल बंद, नांवपत्र लावलेल्या डब्यांतूनच विकावें असा आदेश निघाला तो यामुळें.

डब्यावरील नांवपत्र ही पुष्कळांना जाहिरातीची जागा वाटते. कायद्याला ती जबानी वाटते. सन २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलांत आला आणि १९५४ चा कायदा गेला. नव्या कायद्यानें दोषांची तीन घरें वेगळीं केलीं. जो माल जिवाला अपाय करील तो असुरक्षित. त्याला फौजदारी खटला, आणि त्यानें मृत्यु ओढवल्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद. जो माल बांधून दिलेल्या प्रमाणाला उतरत नाहीं पण विषारी नाहीं तो कमी दर्जाचा. त्याला पांच लाख रुपयांपर्यंत दंड. आणि ज्याच्या डब्यावर खोटें किंवा दिशाभूल करणारें लिहिलें आहे तो मिथ्याछाप. त्याला तीन लाखांपर्यंत दंड. नमुन्याचे भाग आतां तीनाऐवजीं चार होतात. चौथा भाग व्यापाऱ्यानें मागणी केल्यास, त्याच्या खर्चानें, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो, आणि दोन अहवालांत अंतर पडलें तर निवाडा त्याहून वरच्या प्रयोगशाळेचा.

तीन घरांचा हा भेद वृत्तपत्रांच्या मथळ्यांत बहुधा पुसला जातो. २०११ सालीं देशभर दुधाचे १,७९१ नमुने तपासले, त्यांपैकीं शेंकडा ६८ हून अधिक प्रमाणाला उतरले नाहींत. सर्वत्र बोभाटा झाला कीं देशांतील दोनतृतीयांश दूध विषारी आहे. वस्तुतः त्यांतील मोठा भाग पाणी आणि कमी स्निग्धांश यांचा होता. २०१८ सालीं ६,४३२ नमुने तपासले, तेव्हां आरोग्याला धोका पोंचविणारी भेसळ १२ नमुन्यांत निघाली. त्या पाहणींत अधिक चिंतेची गोष्ट निराळीच आढळली. शेंकडा ५.७ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन नांवाचें बुरशीचें विष मर्यादेबाहेर होतें. तें कोणी मिसळलेलें नव्हतें. बुरसटलेल्या पेंडींतून जनावराच्या पोटांत आणि तेथून दुधांत आलेलें होतें. गवळ्याला शिव्या देऊन तें जाणार नाहीं, पेंड कोरडी ठेवावी लागेल.

मुंबई उच्च न्यायालयापुढें २०१५ सालीं जें प्रसिद्ध प्रकरण आलें त्यांतहि बाटलीचाच प्रश्न होता. दोन मिनिटांत शिजणाऱ्या म्हणून मुलांच्या आवडीच्या झालेल्या शेवयांत शिसें मर्यादेबाहेर आहे, आणि वेष्टनावर अजिनोमोटो घातलेलें नाहीं असें लिहून दिशाभूल केली आहे, या कारणांवरून जूनमध्यें त्यांवर देशभर बंदी आली. १३ ऑगस्टला न्यायालयानें ती उठविली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी आधारली होती त्या मान्यताप्राप्त नव्हत्या, आणि कंपनीला आपलें म्हणणें मांडण्याची योग्य संधि दिली गेली नव्हती, हें त्याचें मुख्य कारण. नवे नमुने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तपासावे असा हुकूम झाला. दह्याच्या दुकानदाराला १९६७ सालीं जो न्याय मिळाला तोच मोठ्या कंपनीला मिळाला, याबद्दल कोणी कुरकुर करूं नये. कुरकुर करावयाची तर ती प्रयोगशाळा वेळेवर नीट उभारल्या गेल्या नाहींत म्हणून करावी.

वेष्टन वाचण्याची संवय मात्र घरांतहि लावतां येते. त्यावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानें लिहावे लागतात. बदामाच्या सरबताच्या बाटलीवर साखर पहिली आणि बदाम शेवटून दुसरा असेल तर चित्रांतील बदाम मोजूं नयेत. चौदा आंकडी परवाना क्रमांक, तुकडीचा क्रमांक आणि तारीख या तिन्हींच्या साह्यानें दोषी डबा त्याच्या कारखान्यापर्यंत माघारीं नेतां येतो. 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'ताजें', 'पारंपरिक' हे शब्द केव्हां वापरावे यासंबंधीं २०१८ सालीं नियम झाले आहेत. गाईचें चित्र काढावयास मात्र गाईची परवानगी लागत नाहीं.

नव्या कायद्यांतील चाळीसावें कलम गृहस्थांसाठीं आहे. कोणाहि गिऱ्हाइकाला विकत घेतलेली वस्तु ठराविक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेतां येते. माल दोषी ठरला तर फी परत मिळते आणि पुढील कारवाईसाठीं अहवाल अधिकाऱ्याकडे जातो. अट एकच : हा माल मी तपासणीस पाठविणार आहें, असें खरेदीच्या वेळींच दुकानदाराला सांगितलें पाहिजे. ज्याच्याकडे महिन्याच्या उधारीची वही आहे, ज्यानें दिवाळीच्या गर्दींत आपला डबा बाजूला काढून ठेविला आहे, त्या वाण्याच्या तोंडावर हें वाक्य उच्चारावयाचें धैर्य किती घरांतून निघेल हा प्रश्न आहे. तथापि वाणी प्रामाणिक असेल तर त्याला त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. घाऊक व्यापाऱ्याचें बिल त्याच्या गल्ल्यांत असेल, आणि कदाचित् डबा तपासून आला म्हणून दुकानाबाहेर पाटी लावावयास तोच पहिला धांवेल.